कर्णनाद
बाहेर कोणताही आवाज नसताना कानात वा डोक्यात शिट्टी, गुणगुण किंवा रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू येणे यास कर्णनाद म्हणतात. बोलीभाषेत यालाच ‘कान वाजणे’ असे म्हटले जाते. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. माधवनिदान या ग्रंथात भेरी, मृदंग, शंख यांसारखे ध्वनी ऐकू येणे तो कर्णनाद आणि वेणूसारखा ध्वनी तो कर्णक्ष्वेड, असा भेद केलेला आढळतो.

कारणे

वार्धक्य व दीर्घकाळचा गोंगाट यांमुळे अंतर्कर्णातील सूक्ष्म रोमपेशी नष्ट होतात व पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश घटले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा नाद जाणवतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कानातील मळ, मध्यकर्णाचा संसर्ग, अ‍ॅस्पिरिनची मोठी मात्रा आणि जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके हीदेखील कारणे असू शकतात.

भांड्यांवर दिवसभर ठोके घालणाऱ्या कारागिरांचे कान बिघडतात, हे इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० मध्येच नोंदवले होते. नागपुरातील इतवारी ही सराफा, धान्य व भांड्यांची जुनी, गजबजलेली पेठ आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार व्यापारी क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत ती कितपत पाळली जाते, हे तेथे उभे राहिलेल्यास सांगावे लागत नाही.

कर्णनादासह जगणे

बहुतेकांचा नाद औषधाने थांबत नाही. मात्र त्याचा त्रास पुष्कळ कमी करता येतो. बाजार बंद होऊन रात्री सामसूम झाली की तो अधिक ठळक होतो. म्हणून निजताना पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवावा. शांततेसाठी कानांत कापसाचे बोळे घालून बसणे उलटे पडते. गोंगाटात मात्र कर्णरक्षक वापरावेत. श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्राने दोन्ही तक्रारींना उतार पडू शकतो. नादाविषयीची भीती व चिडचीड कमी करणारा बोधात्मक वर्तनोपचार उपयुक्त ठरला आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये या उपचाराची शिफारस केली, तर जिन्कोसारख्या पूरक औषधांची केली नाही. कानात तेल सोडणे पडद्याला छिद्र असल्यास अपायकारक ठरते.

नाद एकाच कानात असणे, नाडीच्या ठोक्याबरोबर येणे किंवा चक्कर येणे, यांपैकी काही आढळल्यास तपासणी लांबवू नये. ऐकू येणे अचानक कमी झाल्यास उपचार काही दिवसांच्या आतच सुरू व्हावे लागतात. इतवारीपासून जवळच असलेल्या मेयो रुग्णालयात, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, कान-नाक-घसा विभाग आहे.