आधी ऐकावे, मग बोलावे : भारतातील हौशी बिनतारी मंडळींची शंभर वर्षे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली, तेव्हा आम्हांस प्रथम आठवली ती कलकत्त्यातील आमच्या जुन्या वसाहतीची गच्ची. त्या गच्चीच्या कठड्यापासून समोरच्या कडुनिंबापर्यंत ६६ फूट लांबीची तांब्याची तार ताणलेली असे. तिच्यावर कपडे वाळत घालण्यास सक्त मनाई होती. साहजिकच ती तार वसाहतीतील स्त्रीवर्गाच्या कुतूहलाचा आणि थोड्याशा रागाचाही विषय झाली होती. तारेचे मालक सैन्याच्या सिग्नल दलातून निवृत्त होऊन येथे स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ होते. लहानथोर सारे त्यांस काका म्हणत. जगभर ज्यांस ‘हॅम’ म्हणतात, त्या हौशी बिनतारी प्रक्षेपकांपैकी ते एक होते.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. विज्ञानावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची पात्रता नाही. परंतु सारी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत गेल्यामुळे परवाना ही काय वस्तू आहे, शासन तो कोणास व कोणत्या भरवशावर देते, हे आम्हांस थोडेफार ठाऊक आहे. त्या दृष्टीने पाहू गेल्यास हौशी बिनतारीचा इतिहास हा यंत्रांइतकाच विश्वासाचाही इतिहास आहे, असे आमचे मत झाले आहे. तो वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

या छंदाचा भारतातील उगम आपल्या याच शहरात आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांस माहीत असेल. १८९५ च्या सुमारास आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युतलहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. मध्ये कोणतीही तार नव्हती. पुढे १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्त यांस ‘२ जेके’ या संकेतनामाने परवाना मिळाला. भारतातील हौशी प्रक्षेपकांत त्यांचा मान पहिला. त्याच वर्षी मुकुल बोस हे ‘२ एचक्यू’ म्हणून त्यांच्या जोडीस आले, आणि देशात हौशी माणसांचे दुतर्फी बिनतारी संभाषण सुरू झाले. एकट्याने प्रक्षेपण करता येते. संवादास मात्र दुसरा लागतो. १९२३ साली मुंबई व कलकत्ता येथील रेडिओ क्लबांनी कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. म्हणजे १९२७ साली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीची केंद्रे प्रथम मुंबईस व नंतर कलकत्त्यास उघडण्यापूर्वीच हौशी मंडळींनी वाट मळून ठेविली होती.

त्याच काळात पाश्चात्त्य देशांत एक मौजेची घटना घडली होती. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी मंडळींस २०० मीटरांच्या व त्याहून आखूड लहरींवर ढकलून दिले. लांब लहरी नौदलास व व्यापारी कंपन्यांस हव्या होत्या, आणि आखूड लहरी दूर जातच नाहीत असा तज्ज्ञांचा समज होता. पडीक जमीन गावाबाहेरच्यांस द्यावी, तशातला हा प्रकार! परंतु २८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री फ्रान्समधील लेऑन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन रायनार्ट्झ या हौशी गृहस्थांनी ११० मीटरांच्या सुमारास अटलांटिक महासागरापलीकडे दुतर्फा संभाषण केले, आणि पडीक समजलेली ती जमीनच सर्वांत सुपीक ठरली. पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर विद्युद्भारित हवेचे थर आहेत. त्यांस आयनांबर म्हणतात. लघुलहरी त्यांवरून परावृत्त होऊन दूरदेशी उतरतात. कलकत्ता विद्यापीठातील प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी या थरांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ जगन्मान्य झाला.

लघुलहरींचे मोल कळताच त्यांवर सर्वांनीच हक्क सांगितला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत राष्ट्रांनी लहरींची वाटणी केली. तीत हौशी मंडळींच्या वाट्यास काही पट्टे आले, आणि १९२९ पासून भारतीय संकेतनामांस ‘व्हीयू’ ही आद्याक्षरे लागली. तथापि परक्या सरकारचा विश्वास तो किती टिकणार? १९३९ साली महायुद्ध पेटताच सारे हौशी परवाने रद्द झाले.

बंदी घातलेल्या या विद्येचा खरा उपयोग १९४२ साली झाला. ‘चले जाव’ आंदोलनात २७ ऑगस्ट रोजी मुंबईतून काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र बोलू लागले. उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांच्या शोधगाड्या चुकवीत, जागा बदलत बदलत, ४२.३४ मीटरांवर हे केंद्र चालविले. १२ नोव्हेंबर रोजी गिरगावातील पारेखवाडीत छापा पडला आणि उषाबेनना चार वर्षांची सजा झाली. गिरगावात ज्यांचे बालपण गेले, त्या आमच्या सभासदांनी ही वाडी ध्यानात ठेवावी.

स्वातंत्र्यानंतर या छंदाची पुनःस्थापना झाली ती महू येथे, आणि हे स्थळही आपणांस परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सैन्यात असताना याच छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. त्याच महूस सैन्याचे सिग्नल विद्यालय होते. तेथे १९४८ साली भारतीय हौशी रेडिओ क्लबाची स्थापना झाली. १९५४ साली त्याचे कार्यालय दिल्लीस गेले व ‘ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ हे नाव त्यास मिळाले. आमच्या काकांनी मोर्सचे ‘कट्ट-कड’ गिरविले ते या महूसच.

आता साधनांविषयी. कोणता संच घ्यावा, हा या मंडळींत कधीही न संपणारा वाद आहे. युद्धानंतरच्या पिढीने मोडीत निघालेले लष्करी संच बाजारातून वजनावर घ्यावेत, त्यांतील सुटे भाग काढावेत आणि ‘८०७’ या दणकट व्हॉल्व्हभोवती स्वतःचा प्रक्षेपक रचावा, असा क्रम होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कलकत्त्याचा चांदनी बाजार ही त्यांची तीर्थक्षेत्रे. तयार परदेशी संच नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचे होते. २००० नंतरच्या दशकात हैदराबादचे अशर फरहान यांनी ‘बिटेक्स’ हा सुटसुटीत संच रचला. महागडे भाग न मिळाल्यास अडू नये, म्हणून त्यातील एक वेटोळे नळाच्या वॉशरवर गुंडाळण्याची सोय त्यांनी योजिली. काटकसरीतून निघालेली ही रचना जगभर डाखून उभी केली गेली.

परंतु काकांचा सल्ला निराळाच असे. नवशिक्या कोणी आला, की ते म्हणत, “पैसे संचात घालू नकोस, तारेत घाल. तार उंच आणि मोकळी असली, तर पाच वॅटही पुष्कळ झाले. आणि पहिले सहा महिने नुसता ऐक.” ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी लहरीच्या निम्म्या लांबीची, म्हणजे सुमारे ६६ फुटांची तार लागते. दिवसा ती काही शे किलोमीटरांपर्यंतचे संभाषण घडविते आणि रात्री त्याहून पुष्कळ दूरचे. गच्चीवरच्या त्या तारेचे हे रहस्य आम्हांस पुढे उमगले.

‘नुसता ऐक’ या दोन शब्दांत या छंदाचा सारा आचारधर्म आला आहे. हौशी माणसास कोणतीही एक लहर मालकीची म्हणून मिळत नाही. त्यास मिळतो तो सामाईक पट्टा. म्हणून बोलण्यापूर्वी ऐकावे, ‘ही लहर कोणी वापरीत आहे काय?’ असे विचारावे, काम भागेल तेवढीच शक्ती वापरावी आणि संकटातील हाक आली, की आपले संभाषण तत्काळ थांबवावे. ७ मेगाहर्ट्झच्या वरच्या भागात तर प्रक्षेपण केंद्रांच्या प्रचंड शक्तीपुढे या मंडळींचा आवाज दशकानुदशके बुडून जात असे. २००३ च्या जागतिक परिषदेत ठरल्याप्रमाणे २९ मार्च २००९ पासून ७.१ ते ७.२ मेगाहर्ट्झचा भाग केंद्रांनी मोकळा करावयाचा होता. एवढ्या अरुंद पट्टीसाठी एवढी वाट पाहणारी ही जमात आहे.

शेजारधर्माचीही परीक्षा होतीच. १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले. काका बोलू लागले, की कित्येक घरांच्या पडद्यावर आडव्या रेघा धावत. एके रविवारी ऐन सीतास्वयंवरात रेघा आल्या आणि वसाहतीचे शिष्टमंडळ काकांच्या दारी उभे राहिले. परवाना दाखवून त्यांस वाटेला लावणे काकांस शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. “आकाश काय माझ्या एकट्याचं आहे?” एवढेच ते म्हणाले. आठवड्याभरात त्यांनी संचास एक गाळणी बसविली आणि रविवारची सकाळ संच बंद ठेवण्याचा नियम स्वतःस घालून घेतला.

मात्र एका बाबतीत वसाहतीचा त्यांच्यावर कायमचा राग होता. गणपतीच्या दिवसांत कोणी म्हणे, “काका, पुण्याला आमच्या ताईला तेवढा निरोप सांगा.” काका साफ नकार देत. तिऱ्हाइताचा निरोप पोहोचविणे नियमांत बसत नाही, असे ते सांगत. १९७८ च्या नियमांनी व्यापार, राजकारण आणि परक्याचे निरोप हौशी लहरींवर वर्ज्य केले होते. अपवाद फक्त आपत्तीचा. आम्हांसही तेव्हा काका आढ्यताखोर वाटत. घरापासून हजार मैलांवर राहणाऱ्या माणसांस निरोपाची केवढी भूक असते, हे त्यांस कळत नाही काय, असे आमच्या मातोश्री म्हणत.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. मंडळाच्या गणपतीचे विसर्जन करून आम्ही सारे रात्री उशिरा घरी परतलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे भुईसपाट झाली. सुमारे १०,००० माणसे दगावली. वसाहतीतील तीन कुटुंबांचे आप्त त्या टापूत होते. ट्रंक टेलिफोन लागेनात. आम्ही तेव्हा नोकरीत नव्याने रुजू झालो होतो. त्या दिवशी काका स्वतः तिन्ही दारी गेले आणि नावे, गावे, वडिलांची नावे वहीत लिहून घेऊन आले. हौशी मंडळी संच व बॅटऱ्या घेऊन भूकंपक्षेत्रात पोहोचू लागली होती. काका दोन रात्री संचापाशी बसले. आम्ही शेजारी बसून नोंदी करीत होतो. त्या सबंध वेळात काका फारच थोडे बोलले. एका मागून एक केंद्र नावे वाचीत होते, आणि आपली पाळी येईपर्यंत कोणी मध्ये शब्द टाकीत नव्हते. दुसऱ्या रात्री हैदराबादच्या एका केंद्रामार्फत दोन नावांपुढे ‘सुखरूप’ असा शब्द आला. तिसऱ्या नावास उत्तर आले नाही. काकांनी ते नाव आणखी चार रात्री पुकारले. पुढे त्या घरी पत्र आले, ते कोपरा फाडलेले होते.

त्यानंतर काकांवरचा राग कोणी बोलून दाखविला नाही. रिकाम्या वेळी पाळलेले मौनच आपत्तीच्या वेळी लहर मोकळी ठेविते, हे आम्हांस त्या रात्रींनी शिकविले.

पुढील इतिहास वाचकांच्या डोळ्यांदेखतचा आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद पथकासह अंदमानात गेल्या होत्या. हेतू होता जगभरच्या हौशी मंडळींशी संभाषणाचा. २६ तारखेस त्सुनामी आली, आणि तोच संच बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीस कळविण्याच्या कामी लागला. ५ मे २००५ रोजी आपल्या अवकाश संस्थेने ‘हॅमसॅट’ हा ४२.५ किलो वजनाचा उपग्रह खास या मंडळींसाठी सोडला. तो २०१४ पर्यंत चालला. ज्या छंदाचे परवाने १९३९ साली एका आज्ञेने रद्द झाले, त्यासाठी शासनाने आकाशात उपग्रह ठेवावा, हा पल्ला लहान नव्हे. गंगासागरच्या यात्रेत चुकलेल्या वृद्धांस घरी पोहोचविण्यासाठी धडपडणारी बंगालमधील हौशी मंडळी तर आपल्या शेजारचीच.

आता प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे आणि निरोपाची ती भूक उरलेली नाही. तरीही मनोरे कोसळतात, वीज जाते, आणि मग एक बॅटरी, एक तार व ऐकण्याची सवय असलेला एक माणूस यांवर काम भागवावे लागते. काका आज हयात नाहीत. त्यांची नोंदवही त्यांच्या कुटुंबीयांनी आमच्या स्वाधीन केली आहे. मंडळाच्या ग्रंथालयात ती या वर्षी ठेवावी, अशी आमची सूचना आहे. तिच्यात सप्टेंबर १९९३ च्या पानावर तीन नावे आहेत, आणि तिसऱ्यापुढील रकाना काकांनी रिकामाच ठेविला आहे.

हौशी मंडळी संभाषण आटोपताना ‘त्र्याहत्तर’ असा आकडा उच्चारतात. तारयंत्राच्या काळापासून त्याचा अर्थ ‘शुभेच्छा’ असा आहे. पन्नाशी गाठलेल्या आपल्या मंडळास आमचेही त्र्याहत्तर.