बाश बिश धबधबा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅचूसेट्स राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील निसर्गरम्य धबधबा. बर्कशर परगण्यातील मौंट वॉशिंग्टन गावाच्या हद्दीत, टकॉनिक डोंगररांगेत, न्यूयॉर्क राज्याच्या सीमेलगत तो आहे. बाश बिश ओढा हेमलॉक वृक्षांनी झाकलेल्या घळईतून टप्प्याटप्प्याने सु. ६० मी. खाली येतो. शेवटची उडी सु. १८ मी. असून मधल्या खडकामुळे तेथे पाण्याच्या दोन धारा होतात. ओढा पुढे रोलिफ जॅन्सन किल या हडसनच्या उपनदीस मिळतो.

धबधब्याखाली, न्यूयॉर्कच्या हद्दीत, पिट्सफील्डच्या लेम्यूएल पोमरॉय याने १८४५ मध्ये कोपेक लोहकारखाना काढला. भट्टीसाठी लागणारे सर्व काही येथे हाताशी होते : जवळच्या खाणीतील लिमोनाइट धातुक, अभिवाह म्हणून खोऱ्यातील चुनखडी, भात्यांसाठी ओढ्याचे पाणी आणि डोंगरावरील लाकूड. लाकडाचे ढीग मातीने लिंपून, आत मंद धुमसत ठेवून लोणारी कोळसा पाडत. झोतभट्टीत वरून धातुक, कोळसा व चुनखडी यांचे थर टाकत. तळाशी साचणारा लोहरस वाळूच्या साच्यांत सोडत आणि वर तरंगणारी मळी वेगळी काढत. १८५२ मध्ये न्यूयॉर्क–हार्लेम लोहमार्ग येथून पुढे गेल्यावर मालाची ने-आण सोपी झाली. या पट्ट्यातील चिवट लोखंडास रेल्वे डब्यांच्या चाकांसाठी मागणी असे. पुढे कारखाना माइल्स घराण्याकडे गेला. सध्याची झोतभट्टी सु. १८७२ मधील आहे. दगडी कोळशाच्या कोकवर चालणाऱ्या मोठ्या भट्ट्या व स्वस्त पोलाद यांपुढे टिकाव न लागून १९०३ मध्ये कारखाना बंद पडला. भट्टी, कचेरी व काही जुन्या इमारती शिल्लक असून १८४५–१९०३ या काळातील वास्तुसमूह म्हणून त्यांचे जतन होते.

भट्टी धगधगत असतानाच, १८५५ मध्ये, चित्रकार जॉन फ्रेडरिक केन्सेट (१८१६–७२) याने धबधब्याचे चित्र काढले. त्यात कारखान्याचा मागमूस नाही. भोवतालच्या उतारांवरील आजचे बरेचसे रानही कोळशासाठी झालेल्या तोडीनंतर वाढलेले आहे.

धबधबा मॅसॅचूसेट्सच्या राज्य उद्यानात, तर भट्टी न्यूयॉर्कच्या टकॉनिक राज्य उद्यानात मोडते. पर्यटन हाच आता मुख्य व्यवसाय. प्रवासी रेल्वे १९७२ मध्ये बंद झाली. त्या मार्गावर आता सायकलवाट आहे. खाणीच्या खड्ड्यात पोहण्याचे तळे केले आहे. धबधब्याखालील डोहात पोहण्यास मनाई आहे.