चायना ग्रास: मिठाईतून प्रयोगशाळेत

जपानच्या यामानाशी प्रांतात एक मिठाई मिळते. ताटलीत पाण्याचा एक मोठा गोल थेंब ठेवावा तशी ती दिसते. सोबत भाजलेल्या सोयाबीनचे पीठ आणि काकवीसारखा पाक देतात. अर्ध्या तासात खाल्ली नाही, तर ती पाणी सोडून खाली बसते. २०१६ साली अशीच मिठाई न्यूयॉर्कमध्ये विकायला आली आणि तिची छायाचित्रे जगभर फिरली. जपानी मिठाईवाले उन्हाळ्यात पारदर्शक जेलीत पोहणारे लालचुटुक मासेही करतात. ही सारी हौस ज्या एका पदार्थावर उभी आहे, तो जळगाव-धुळ्याच्या किराणा दुकानांतही मिळतो. चायना ग्रास, म्हणजेच अगार. नावात गवत असले तरी तो गवत नव्हे. समुद्रातल्या लाल शैवालांपासून तो काढतात.

त्याच्या शोधाची एक कथा जपानमध्ये सांगतात. १६५८ च्या सुमारास क्योटोजवळच्या फुशिमी येथे मिनो तारोझाएमोन नावाच्या खाणावळवाल्याने शैवालाची उरलेली जेली थंडीत बाहेर टाकून दिली. रात्री ती गोठली, दिवसा वितळली आणि काही दिवसांत तिच्या हलक्या, कोरड्या पट्ट्या झाल्या. पाण्यात उकळल्या, तर पहिल्यापेक्षा स्वच्छ जेली! कथा कितपत खरी ते असो, तिच्यातले विज्ञान पक्के आहे. गोठताना पाण्याचे स्फटिक वेगळे होतात, आणि वितळलेले पाणी निथळताना शैवालाचा रंग, वास व क्षार सोबत घेऊन जाते. जपानी भाषेत अगारला ‘कान्तेन’ म्हणतात. त्याचा अर्थच ‘थंड आकाश’.

दोन शतकांहून अधिक काळ तो स्वयंपाकघरातच राहिला. तेथून त्याला प्रयोगशाळेत आणले ते एका गृहिणीने.

१८८१ साली वाल्टर हेस हे जर्मन डॉक्टर बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करू लागले. जंतू एकमेकांत न मिसळता वाढवायचे, तर घट्ट पृष्ठभाग हवा. कॉख त्यासाठी जिलेटिन वापरत. पण जिलेटिन तिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळते, आणि माणसाला रोग देणाऱ्या जंतूंना तर ३७ अंश सेल्सियसची ऊब लागते. शिवाय काही जंतू जिलेटिन खाऊनच टाकतात, कारण ते प्रथिन आहे. हेस वैतागले. त्यांच्या पत्नी फॅनी यांची फळांची जेली मात्र उन्हाळ्यातही टिकत असे. त्यांनी कारण सांगितले: अगार. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्याकडून त्या ते शिकल्या होत्या.

अगारची गंमत अशी, की तो ३५-४० अंशांच्या आसपास घट्ट होतो, पण एकदा घट्ट झाला की वितळायला सुमारे ८५ अंश लागतात. जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांनाही तो दाद देणार नाही. तो कर्बोदक आहे, आणि बहुतेक जंतूंना तो पचवता येत नाही.

हा फरक वर्गात दाखवता येतो. जिलेटिन आणि चायना ग्रास वेगवेगळ्या वाट्यांत लावा आणि दोन्हींवर धुळे जिल्ह्यात भरपूर पिकणाऱ्या पपईची कच्ची, ताजी फोड ठेवा. पपईतले पपेन प्रथिने तोडते. जिलेटिनचे पाणी होईल, चायना ग्रास तशीच राहील. प्रयोग थंडीत करावा, नाहीतर पपईच्या आधी ऊनच जिलेटिनचे काम तमाम करील.

कॉख यांनी १८८२ च्या क्षयजंतूवरील निबंधात अगारचा उल्लेख एका वाक्यात केला. हेस दांपत्याचे नाव त्यात नाही. १८८७ साली काचेच्या झाकणबंद बशीला पेट्री यांचे नाव लागले आणि ते शाळकरी मुलांनाही पाठ झाले; त्या बशीत जे ओततात, त्याला फॅनी यांचे नाव कोणी दिले नाही. हा अन्यायच म्हटला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात जपानी अगार मिळेनासा झाला, तेव्हा अनेक देश आपापले किनारे धुंडाळू लागले. आपल्याकडे रामेश्वरम-मंडपमच्या किनाऱ्यावरची शैवाले उपयोगी पडली. ती बुडी मारून हाताने गोळा करण्याचे कष्टाचे काम तेथल्या कोळी स्त्रिया करत आल्या आहेत.

खान्देशात अगारचे मोठे काम मिठाईत नव्हे, केळीत झाले. केळीला रुजणारे बी नसते. कंद लावावेत, तर त्यांच्याबरोबर सूत्रकृमी आणि रोगही शेतात येतात. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे तयार करायला सुरुवात केली. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना रोगमुक्त, एकाच वेळी घड देणारी रोपे मिळू लागली. कोंबाचा टोकाचा बारीक तुकडा बाटलीत पोषकद्रव्यावर वाढवतात. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी ठरवलेली त्याची कृती पाहा: एक लिटर पाणी, ३० ग्रॅम साखर, थोडे क्षार व जीवनसत्त्वे, आणि घट्ट करायला सहसा सहा-आठ ग्रॅम अगार. क्षार वगळा, की मिठाईच झाली!

म्हणूनच रोप बाटलीतून काढल्यावर मुळांना चिकटलेला अगार काळजीपूर्वक धुवावा लागतो. त्यात साखर असते, आणि बाहेरची बुरशी तिच्यासाठी टपलेलीच असते.