जनसेवा मित्र

मध्य प्रदेश शासनाने २०२३ मध्ये १८ ते २९ वर्षांच्या पदवीधरांसाठी सुरू केलेली सहा महिन्यांची उमेदवारी. भोपाळच्या अटल बिहारी वाजपेयी सुशासन संस्थेने ती राबवली. राज्यातल्या ३१३ विकासखंडांत प्रत्येकी १५ मित्र. विद्यावेतन सुरुवातीला दरमहा ८,००० रुपये. मित्रांचा खरा कस लागला महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या ‘लाडली बहना’ योजनेच्या वेळी. आधार राज्याच्या ‘समग्र’ ओळख क्रमांकाशी जोडलेले नाही, नावात वेलांटीचा फरक, बँकखाते बंद, अशा अडचणी दारोदार जाऊन सोडवायच्या. इंदूरची तुकोगंज वस्ती महापालिका हद्दीतली, विकासखंड मात्र ग्रामीण. त्यामुळे तिथल्या मराठी पदवीधरालाही काम सांवेर-देपालपूरसारख्या विकासखंडांत. बोलायला माळवी आलेली बरी, पुस्तकी हिंदी तिथे फारशी कामाची नव्हती. मुदतीनंतर कायम नोकरीची हमी नव्हती. या उमेदवारीचा हाच कच्चा दुवा.