कुत्र्याचे आजारपण (शहापूर-मुरबाड)

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील या दोन डोंगराळ तालुक्यांत कुत्रे आधी राखणदार, लाडके मग. त्याचे दुखणे ध्यानात येते तेही कामातूनच. रात्री वस्तीजवळ बिबट्या फिरून गेला तरी ते भुंकले नाही, किंवा सकाळची भाकरी दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. पशुवैद्यालाही पहिली माहिती हीच हवी असते.

कोरडे नाक म्हणजे ताप, ही समजूत खरी नाही. निरोगी कुत्र्याचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; माणसाच्या हाताला ते नेहमीच कोमट लागते. हिरडी अधिक खरे सांगते. बोटाने दाबून सोडली की सुमारे 2 सेकंदांत गुलाबी रंग परतायला हवा. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा मुळातच काळ्या असतात. अशा वेळी खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. पांढरेपणा हा रक्त कमी झाल्याचा, पिवळेपणा काविळीचा इशारा.

या दोन्ही खुणांमागे इथे बहुधा गोचीड निघते. कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते, त्यामुळे अंगावरच्या वेचून भागत नाही. घर-गोठाही साफ करावा लागतो. तिच्यामार्फत बबेसिया आणि एर्लिकिया हे जंतू रक्तात शिरतात. ताप, मलूलपणा, नाकातून रक्त, काळ्या चहासारखी लघवी यांपैकी काही दिसले की रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी. भातखाचरांच्या हंगामात कावीळ व उलट्या एकत्र दिसल्या तर लेप्टोस्पायरोसिसचीही शंका घेतात. तो माणसालाही होतो, म्हणून लघवी साफ करताना हातमोजे घालावेत.

पिल्लांना रक्ताची हगवण आणि उलट्या लागल्या तर पार्व्होचा संशय घ्यावा. तिथे काही तासही मोलाचे. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र कुत्र्याला विषारी ठरू शकते. सर्पदंशात तोंड किंवा पुढचा पाय झपाट्याने सुजला तर घोणस, मागचे पाय लुळे पडून पापण्या मिटू लागल्या तर नाग किंवा मण्यार, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. आवळून बांधणे आणि चिरा देणे दोन्ही टाळावे.

सर्वांत फसवे लक्षण रेबीजचे. जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. घशात हाड अडकले असे समजून माणसे तोंडात हात घालतात, आणि तिथेच घात होतो. पाण्याची भीती हे माणसातले लक्षण. पिसाळलेले कुत्रे पाणी पितानाही दिसू शकते. चावा किंवा लाळ लागलेली जखम 15 मिनिटे साबण-पाण्याने धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

तालुक्यात उपचारांचा पहिला टप्पा म्हणजे ‘गुरांचा दवाखाना’. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे. गुंतागुंतीचे रुग्ण मुंबईत परळच्या पशुरुग्णालयात न्यावे लागतात. शहापूरकरांना आसनगावहून लोकल मिळते, मुरबाडकरांना आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. वाटेत चावू नये म्हणून तोंडाला फडके बांधतात. उलट्या करणाऱ्या किंवा धाप लागलेल्या कुत्र्याला ते बांधू नये, श्वास कोंडतो.