अंघोळीच्या पाण्याचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातील थंडी कशी असते, हे निफाडकरांना सांगावयास नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कित्येकदा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात. तरी आपल्याकडे घर तापविण्याची चाल नाही. विलायतेत हिवाळ्यात खोल्या तापवितात. आपण तापवितो ते अंघोळीचे पाणी. म्हणून आपल्या जळणाचा इतिहास पाहावयाचा तो न्हाणीघरातच पाहावा.

तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिक पूर्वीपासून प्रसिद्ध. येथील तांबटांच्या हातचा बंब तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली जाळी. माझ्या लहानपणी आमच्याकडे असाच एक होता. काटक्या, तुराट्या, करवंट्या, त्याला काहीही चालत असे. नळी पाण्यानेच वेढलेली, त्यामुळे उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा त्यात आच कमी वाया जाई. हे शास्त्र तांबटाला कोणी कॉलेजात शिकविले नव्हते!

त्या काळी सरपण फुकट, असे आपण म्हणतो. ते तितकेसे खरे नाही. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली. रेल्वेला स्लीपरांसाठी लाकूड हवे, वाढत्या शहरांना जळण हवे. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली, आणि राखीव जंगलात गावकऱ्याच्या हक्कांना कात्री लागली. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगल खात्यावर जो राग काढला आहे, तो शेळ्यामेंढ्यांच्या चराईपुरता नव्हता. कुणब्याच्या सगळ्या संसाराचा तो प्रश्न होता. ज्या काटकीला काल कोणी विचारीत नव्हते, तिच्यावर आज रखवालदार आला.

लाकूड आटले की बाई शेणाकडे वळते. डॉक्टर वोल्कर नावाचे एक इंग्रज रसायनतज्ज्ञ सरकारच्या सांगण्यावरून हिंदुस्थानभर फिरले. त्यांचा अहवाल १८९३ साली निघाला. शेतकरी शेण जाळतो तो अडाणीपणाने नव्हे, त्याला दुसरे जळण मिळत नाही म्हणून, असे त्यांनी साफ लिहिले, आणि गावोगाव जळण व चारा यांसाठी राखीव झाडी करा अशी शिफारस केली. साहेबाच्या तोंडून हे आले म्हणून मला त्याचे मोल अधिक वाटते. गोवरीची खरी किंमत अशी शेतात चुकती होत असते. ती कोणी वहीत मांडत नाही, इतकेच.

पुढे रॉकेल आले, त्यासाठीच्या रांगा आल्या. १९५५ साली मुंबईत घरगुती गॅसच्या टाक्या येऊ लागल्या. खेड्यातल्या गरीब घरांपर्यंत त्या मोठ्या प्रमाणावर गेल्या त्या २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर.

आता शिक्षकमित्रांसाठी थोडे गणित. वीस लिटर पाणी वीस अंशांपासून पंचेचाळीस अंशांवर न्यायचे, तर ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात अंदाजे ३,७०० किलोकॅलरी असतात. पण साध्या चुलीत त्यातला सुमारे दहावाच भाग पाण्यास पोचतो. बाकी सारी धूर, भिंत आणि डोळे! तेव्हा एका बादलीस जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅम लाकूड लागते. गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी, आणि शेगडीवर त्यातल्या साठ टक्के कामी येतात असे धरा. म्हणजे ७५-७६ ग्रॅमांत काम झाले, १४.२ किलोची टाकी १८५ च्या वर बादल्या तापविते. विजेच्या युनिटात ८६० किलोकॅलरी, म्हणून पाण्यात सोडायच्या कांडीला साधारण दोन-तृतीयांश युनिट पुरते.

म्हणजेच एक किलो गॅस चुलीतल्या अठरा किलो लाकडाचे काम करतो. वखारीतला लाकडाचा किलोचा दर गॅसच्या किलोमागच्या दराच्या अठराव्या हिश्शाहून जास्त असेल, तर चुलीवरचे पाणी महाग पडले. तुमच्या गावचे दर घालून पाहा. लाकूड विकत घेणाऱ्याला चूल परवडत नाही, असे बहुतेक ठिकाणी दिसेल.

मग पेठ-सुरगाण्याकडे गॅस असूनही दाराशी मोळ्या का रचलेल्या दिसतात? कारण मोळीला पैसा पडत नाही, पडतो तो बाईचा वेळ, आणि टाकीला सगळी रक्कम एकदम मोजावी लागते. मजुरी आठवड्याची, टाकी महिन्या-दोन महिन्यांची. हा मेळ बसत नाही. म्हणून चहापुरता गॅस, पाण्याला चूल. हे अज्ञान नव्हे, हाही एक हिशेबच आहे. फक्त त्यात एक आकडा लिहिलेला नसतो. शाळेत काटा असेल तर एखादी मोळी तोलून पाहा, आणि ती आणायला किती तास लागले ते मुलांना आईला विचारून यायला सांगा.