एकट्या माणसाची शिफ्ट: ‘म्हादई’वरचे दिवस

बुटीबोरीतून बोलतोय. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मी पहिली लाट पाहिली ती नोकरीला लागल्यावर. तरी आजचा भाग समुद्राचाच, आणि तो एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांनी जरूर ऐकावा.

१९ ऑगस्ट २००९. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादई’ ही ५६ फुटी शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटेच निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अशा प्रदक्षिणेसाठी किमान २१,६०० सागरी मैल कापावे लागतात, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर.

शाळेत आपण एवढंच पाठ करतो. पण मला नेहमी प्रश्न पडतो, की मधल्या दिवसांचं काय?

आपल्याकडे रात्रपाळी संपली की दुसरा येतो, चार्ज घेतो. तिथे चार्ज कोणाला देणार? सुकाणू सांभाळायला यंत्र असतं, पण समोरून येणारं जहाज आपणच बघायचं. म्हणून झोप तुकड्यातुकड्यांनी. शेगडीसुद्धा टांगलेली, नौका कलली तरी भांडं सरळ राहावं म्हणून. दोर कुठे घासतोय, बोल्ट कुठे सैल झालाय, हे रोज तपासायचं. पूर्वेकडे जाताना पॅसिफिकमध्ये वाररेषा ओलांडली की तीच तारीख दोनदा येते. म्हणजे तोच दिवस, तेच काम, पुन्हा!

आणि पाणी. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कुठेही न थांबता, एकट्याने पहिली प्रदक्षिणा केली. त्यांची ‘सुहैली’ आपल्या मुंबईत बांधलेली, बरं का. वाटेत पिण्याच्या पाण्याची टाकी खराब झाली, तेव्हा त्यांनी पावसाचं पाणी धरून भागवलं. ३१२ दिवसांचा विक्रम असा घागरीवर तोलला गेला.

दोंदे २००६ मध्ये याच रॉबिनसाहेबांकडे शिकायला गेले. त्यांना या मोहिमेवर धाडण्याची कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. आवटी निवृत्तीनंतर राहत होते फलटणजवळच्या विंचुर्णीत. तिथूनही समुद्र दिसत नाही!

नौका बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. अशी नौका त्यांनी आधी कधी बांधली नव्हती. लाकडाचा गाभा, वर फायबरग्लास. बांधकामावर दोंदे स्वतः लक्ष ठेवून होते. मला वाटतं, खरी प्रदक्षिणा तिथेच सुरू झाली. भर समुद्रात मेकॅनिक मिळत नाही. कुठला पाइप कुठून गेलाय, हे ज्याला ठाऊक, तोच रात्री दोन वाजता तो दुरुस्त करू शकतो.

माझे वडील इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. पण त्यांनी किती रात्री मशीन बंद पडू दिलं नाही, याची नोंद कुठेच नाही. झेंडा फडकवतानाचा फोटो इतिहासात राहतो, घासलेला दोर वेळेवर बदलणारा हात राहत नाही.

म्हणून हा भाग त्या हातांसाठी. तुमच्या घरात असा कोणी असेल, तर आज त्यांना विचारा, ‘तुमची रात्रपाळी कशी असायची?’ आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.